बाण कुठून सुटला?

१९६३ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मोजक्या शास्त्रज्ञांची एक बैठक भरली. विषय एकच होता : काळाचे स्वरूप. बैठक बोलावली होती टॉमस गोल्ड यांनी. त्यांचे जुने सहकारी हर्मन बॉन्डी आणि फ्रेड हॉईल आले होते, जॉन व्हीलर होते, तरुण रॉजर पेनरोज होते. हॉईल यांच्याबरोबर केंब्रिजहून त्यांचा शिष्यही आला होता : कोल्हापुरात जन्मलेले, पंचविशीच्या उंबरठ्यावरचे जयंत विष्णू नारळीकर. तिथली चर्चा शब्दशः टिपून पुढे तिचे पुस्तक निघाले. एका सहभागी शास्त्रज्ञाने आपले नाव छापायला नकार दिला, म्हणून पुस्तकात त्याच्या बोलण्यापुढे नुसते 'मिस्टर एक्स' असे आहे. हे मिस्टर एक्स म्हणजे रिचर्ड फाइनमन, हे पुढे सगळ्यांनाच ठाऊक झाले.

त्या बैठकीत पुन्हा पुन्हा समोर येणारा प्रश्न कुणालाही कळेल असा आहे. देवघरातल्या उदबत्तीचा धूर खोलीभर पसरतो, पण पसरलेला धूर पुन्हा काडीच्या टोकाशी गोळा होताना कुणी पाहिलेला नाही. आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिका आपल्यापासून आणखी दूर जात आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? गोल्ड यांचे उत्तर होते : आहे, आणि थेट आहे. विश्व प्रसरण पावते म्हणूनच काळाला दिशा आहे. हे उत्तर जसेच्या तसे टिकले नाही. पण ते का टिकले नाही हे पाहत गेले की काळाबद्दल आज आपल्याला जे सर्वांत खोल असे काही कळले आहे, तिथपर्यंत जाऊन पोचता येते.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. भौतिकशास्त्राच्या मूलभूत नियमांना काळाची दिशा कळत नाही. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राचे चित्रण करून ते उलटे दाखवले, तर चंद्र उलट दिशेने फिरताना दिसेल. तसे फिरणेही न्यूटनच्या नियमांत तंतोतंत बसते. मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय समीकरणे तशीच, आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण तसेच, पुंजभौतिकीचे मूळ समीकरणही तसेच. १९६४ साली क्रोनिन आणि फिच यांना के-मेसॉन नावाच्या कणांच्या क्षयात एक बारीकशी विषमता आढळली. तिच्यातून काळाच्या सममितीलाही तडा जातो. परंतु तिचा उदबत्तीच्या धुराशी, म्हातारपणाशी किंवा फुटणाऱ्या काचेशी काही संबंध नाही. दोन रेणूंची टक्कर सुलट दाखवा की उलट, दोन्ही चित्रणे खरीच वाटतील. आणि तरीही अशा असंख्य टकरींनी बनलेल्या जगात मागे जाण्याची वाट सापडत नाही.

दिशेचा पहिला ठाम नियम आला तो वाफेच्या इंजिनांमधून. उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम काढता येईल, याचा हिशेब फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये मांडला. त्याच्या पायावर जर्मनीच्या रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५० मध्ये उष्मागतिकीचा दुसरा नियम रचला आणि १८६५ मध्ये 'एन्ट्रॉपी' ही राशी शास्त्रात आणली. उष्णता आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट जात नाही. बंदिस्त व्यवस्थेची एन्ट्रॉपी वाढते किंवा तेवढीच राहते, घटत नाही. नियम निर्विवाद होता, पण तो असा का आहे हे क्लॉसियस यांना सांगता आले नाही.

ते सांगितले व्हिएन्नाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी. एन्ट्रॉपी म्हणजे शेवटी एक मोजदाद आहे, हे त्यांच्या लक्षात आले. बाहेरून एकसारखी दिसणारी स्थिती आतल्या कणांच्या किती निरनिराळ्या मांडण्यांनी साधता येते, याची मोजदाद. धुराचे फक्त १०० कण घेऊ. ते सगळेच्या सगळे खोलीच्या डाव्या अर्ध्यात असण्याची मांडणी एकच. पण प्रत्येक कण डावीकडे असू शकतो किंवा उजवीकडे, त्यामुळे एकूण मांडण्या होतात एकावर तीस शून्ये इतक्या. त्यांतल्या बहुतेक सगळ्यांत कण दोन्हीकडे जवळपास निम्मे निम्मे असतात. कण आंधळेपणाने हलत राहिले तरी ते पसरलेल्या स्थितीत जाणार, कारण जायला तेवढ्याच जागा आहेत. हे झाले १०० कणांचे. खोलीतल्या एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. एवढ्या संख्येपुढे 'बहुधा' आणि 'नक्की' यांत व्यवहारात काहीच फरक उरत नाही.

व्हिएन्नातलेच त्यांचे ज्येष्ठ मित्र योसेफ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये या मांडणीच्या मर्मावर बोट ठेवले. एखाद्या क्षणी सगळ्या रेणूंचे वेग नेमके उलटे केले, तर धूर आल्या वाटेने परत जाईल, आणि तेही नियमांत बसूनच. मग एकाच दिशेचा नियम सममित नियमांतून निघालाच कसा? बोल्ट्झमन यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिले की तशी परतीची मांडणी अशक्य नाही, ती अतोनात दुर्मीळ आहे. उत्तर बरोबर होते, पण त्याने प्रश्न संपला नाही. मांडण्यांची मोजदाद दिशा पाहत नाही. खोलीत धूर अर्धवट पसरलेला दिसला, तर मोजदाद सांगते की तासाभराने तो अधिक पसरलेला असेल. तीच मोजदाद, त्याच तर्काने, असेही सांगते की तासापूर्वीसुद्धा तो अधिक पसरलेलाच असला पाहिजे! हे खोटे आहे हे आपल्याला माहीत आहे, कारण काडी आपण पेटवली होती. म्हणजे भविष्याबद्दल बरोबर बोलणारे गणित भूतकाळाबद्दल चुकते. ते दुरुस्त करायला भूतकाळाबद्दलची एक माहिती बाहेरून पुरवावी लागते : सुरुवात कमी एन्ट्रॉपीने झाली होती.

ही माहिती आली कुठून, याचा माग काढत गेलो तर थांबायला जागा सापडत नाही. उदबत्तीची काडी बांबूची, तिच्यावरचा कोळसा आणि राळ झाडांची. झाडांनी ती सूर्यप्रकाशातून घडवली. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायूच्या एका ढगातून जन्मला. प्रत्येक पायरीवर कमी एन्ट्रॉपीची वस्तू तिच्याहूनही खास स्थितीतून आलेली दिसते. साखळी थेट विश्वाच्या आरंभापर्यंत जाते.

बोल्ट्झमन यांनाही हे जाणवले होते. १८९५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली आणि तिचे श्रेय प्रामाणिकपणे आपले जुने सहायक डॉ. श्युट्झ यांना दिले. कल्पना अशी की विश्व एकंदरीत पूर्ण समतोलात, म्हणजे कमाल एन्ट्रॉपीत, निपचित पडलेले आहे. पण ते इतके अफाट आहे की कुठेतरी, कधीतरी योगायोगाने एन्ट्रॉपी घसरते, आणि आपण अशाच एका घसरणीत राहतो. कल्पना मोठी सुंदर आहे, पण ती चूक आहे. योगायोगच असेल तर छोटा योगायोग मोठ्या योगायोगापेक्षा कितीतरी पट सहज घडतो. एक सूर्यमाला घडली की आपले भागले असते. दुर्बीण नव्या दिशेला वळवली की तिथे निव्वळ गोंधळ दिसायला हवा होता. प्रत्यक्षात जिकडे वळवावी तिकडे ताऱ्यांनी भरलेल्या, नीट घडलेल्या दीर्घिकाच दिसतात. १९६४ मध्ये, त्याच कॉर्नेलमध्ये दिलेल्या व्याख्यानमालेत, फाइनमन यांनी हा मुद्दा स्वतःच्या नावानिशी मांडला. विश्व पूर्वी आजच्यापेक्षा अधिक सुव्यवस्थित होते हे गृहीतक भौतिकशास्त्राच्या नियमांच्या जोडीला ठेवावेच लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

बोल्ट्झमन १९०६ मध्ये वारले. विश्व प्रसरण पावते आहे हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून दूरच्या तेजोमेघांच्या वर्णपटांचे मोजमाप सुरू केले. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारी विश्वे काढून दाखवली. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये सिद्धांत आणि निरीक्षणे एकत्र आणली, आणि एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दीर्घिकांचे अंतर आणि वेग यांचे सरळ प्रमाण दाखवले. आजच्या मापनानुसार अंतर ३२.६ लाख प्रकाशवर्षांनी वाढले की दूर जाण्याचा वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो. हे प्रसरण दीर्घिकांच्या समूहांमधल्या अंतराचे आहे. आपले घर, सूर्यमाला, किंबहुना आपली आकाशगंगासुद्धा त्यामुळे ताणली जात नाही. म्हणूनच गोल्ड यांचा दावा पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. खोलीत ज्याचा मागमूसही नाही, ते प्रसरण खोलीतल्या धुराला दिशा कशी देणार?

गोल्ड यांची युक्ती अशी. एखादा तारा उष्णतारोधक पेटीत बंद करा. त्याचा प्रकाश पेटीत साठत जाईल, शेवटी पेटी आणि तारा एकाच तापमानाला येतील आणि काही घडायचे थांबेल. त्या पेटीच्या आतल्या चित्रणावरून आधी काय आणि नंतर काय हे सांगता येणार नाही. आता पेटीला एक खिडकी पाडा. प्रकाश बाहेर ओतला जाईल, तारा पुन्हा समतोलातून बाहेर येईल आणि काळाची दिशा परत दिसू लागेल. खिडकीबाहेर आहे ते काळेभोर, थंड आकाश, कितीही प्रकाश ओता, न भरणारे. ते तसे आहे कारण विश्व प्रसरण पावते आहे. म्हणून दिशेचा उगम प्रसरणात.

नारळीकर आणि हॉईल त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येत होते. रेडिओ केंद्राच्या अँटेनातून निघालेली लहर बाहेर पसरते आणि आपल्यापर्यंत नंतर पोचते. मॅक्सवेलच्या समीकरणांना याच्या उलट लहरही चालते : जी चहूकडून येऊन अँटेनात विरते आणि प्रक्षेपणाच्या आधीच आपल्याला ऐकू येते. अशी लहर आपण कधी पकडत का नाही? व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ आणि १९४९ च्या शोधनिबंधांत सुचवले होते की प्रत्येक विद्युतभार निम्मी लहर भविष्याकडे आणि निम्मी भूतकाळाकडे पाठवतो. पुढे सारे विश्व मिळून ती लहर पूर्णपणे शोषून घेते, आणि त्या शोषणाच्या प्रतिसादात भूतकाळाकडची लहर नेमकी पुसली जाते. पण शोषणारे द्रव्य भूतकाळातही आहे. त्याचा विचार केला तर हिशेब नेमका उलटतो. यावर हॉगार्थ यांनी १९६२ मध्ये उपाय सुचवला की प्रसरणशील विश्वात भूत आणि भविष्य सारखे नसतात, तेव्हा निवाडा विश्वाकडूनच घ्यावा. हॉईल आणि नारळीकर यांनी तो हिशेब १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तपशीलवार मांडला. सतत प्रसरण पावणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात पुढे पुढे द्रव्य विरळ होत जाते आणि शोषण अपुरे पडते, त्यामुळे दिशा चुकीची निघते. त्यांच्या स्थिर स्थितीच्या विश्वात नवे द्रव्य सतत निर्माण होऊन घनता कायम राहते, आणि दिशा बरोबर निघते. त्यांच्या दृष्टीने हा स्थिर स्थितीच्या बाजूचा पुरावा होता.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, पेन्झियस आणि विल्सन यांना न्यू जर्सीतल्या आपल्या अँटेनात सर्व दिशांनी येणारे मंद प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. ते महास्फोटाची खूण मानले गेले आणि बहुतेकांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत सोडून दिला. नारळीकर यांनी सोडला नाही. हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी त्याचे सुधारलेले रूप मांडले आणि अखेरपर्यंत महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. पुरावा आज महास्फोटाच्या बाजूने भक्कम आहे आणि हे प्रकरण त्याच्याच आधाराने लिहिले आहे. तरी माझ्या मते १९६४ च्या त्या निबंधाचे मोल त्याच्या निष्कर्षात मावत नाही. अँटेनातल्या लहरीची दिशा ठरवायला विश्वाचे अखेरचे टोक तपासावे लागते, ही दृष्टी त्यांनी नुसती बोलून दाखवली नाही, गणितात उतरवली.

आता गोल्ड यांच्या दाव्याची कसोटी. पसरत जाणाऱ्या धुराची एन्ट्रॉपी वाढते, विश्वही पसरत जाते, तेव्हा त्यामुळेच विश्वाची एन्ट्रॉपी वाढत असेल, असे सहज वाटते. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेलेही आढळते. ते खरे नाही. धूर पसरतो तो आधीच असलेल्या रिकाम्या जागेत. विश्वात जागाच ताणली जाते आणि तिच्याबरोबर सगळे सारखेच विरळ होते. पेन्झियस आणि विल्सन यांना सापडलेल्या प्रारणाचे उदाहरण घेऊ. विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना ते मोकळे झाले, तेव्हा त्याचे तापमान जवळपास ३,००० केल्विन होते. आज विश्व त्याच्या सुमारे ११०० पट ताणले गेले आहे आणि तापमान २.७२५ केल्विनवर आले आहे. दर घन सेंटिमीटरमागे आज त्याचे सुमारे ४११ फोटॉन आहेत. फोटॉन थंडावले, विरळ झाले, पण विश्वाबरोबर ताणल्या गेलेल्या त्याच भागात त्यांची संख्या तीच राहिली आणि एन्ट्रॉपीही तीच राहिली. निव्वळ प्रसरण, एकसारखे आणि शांत, पूर्णपणे उलटवता येण्याजोगे आहे. त्यात काळाची दिशा नाही.

आणि याहून मोठे कोडे पुढेच आहे. 'कोबे' उपग्रह १९८९ मध्ये सोडला गेला. त्याने दाखवले की या प्रारणाचा वर्णपट समतोलात असलेल्या वस्तूचा असावा तसा तंतोतंत आहे. १९९२ मध्ये त्याच उपग्रहाने दाखवले की आकाशात एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत त्याच्या तापमानात एक लाखात एक भाग एवढाच फरक पडतो. म्हणजे तेव्हा सगळा वायू एकसारखा गरम आणि सगळीकडे सारखा पसरलेला होता. ही तर धुराने भरून गेलेल्या खोलीची स्थिती झाली, कमाल एन्ट्रॉपीची! आरंभी एन्ट्रॉपी फार कमी असायला हवी, असे आत्ताच म्हटले होते. दोन्ही कसे खरे असेल?

याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्हींची गरज लागते.

पहिल्या उत्तरात प्रसरणाची भूमिका मोठी आहे. विश्वाच्या वयाच्या पहिल्या सेकंदाला तापमान सुमारे १,००० कोटी अंश होते. सगळीकडे प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो आणि प्रचंड प्रकाश. पुरेसा वेळ मिळाला असता, तर थंडावता थंडावता प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना चिकटून सर्वांत घट्ट बांधलेल्या अणुकेंद्रांपर्यंत, म्हणजे लोह आणि निकेलपर्यंत, पोचले असते. द्रव्याचा खरा समतोल तिथे आहे. पण पहिलीच पायरी नाजूक होती. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून होणारे ड्यूटेरियम फार सैल बांधलेले असते, आणि दर कणामागे शंभर कोटींहून जास्त फोटॉन असल्याने ते बनताच फुटत होते. ते टिकण्याइतके तापमान उतरायला, सुमारे १०० कोटी अंशांवर यायला, जवळजवळ तीन मिनिटे गेली. तोपर्यंत न्यूट्रॉन कमी होऊन सात प्रोटॉनांमागे एक एवढेच उरले होते. जे होते ते भराभर हेलियमच्या अणुकेंद्रांत बांधले गेले, आणि पुढची पायरी घ्यायच्या आत प्रसरणाने सगळे विरळ आणि थंड करून टाकले. विश्वातले तीन चतुर्थांश सामान्य द्रव्य हायड्रोजनच राहिले.

तो उरलेला हायड्रोजन म्हणजे ताऱ्यांचे इंधन. सूर्य आज दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनाचे हेलियम करतो. पहिल्या तीन मिनिटांत जे काम घाईमुळे अपुरे राहिले, तेच तो सावकाश पुरे करतो आहे. विश्व पुष्कळ संथ प्रसरण पावले असते, तर जळायला काही उरलेच नसते. हार्वर्डच्या डेव्हिड लेझर यांनी १९७० च्या दशकात या विचाराला सर्वसाधारण रूप दिले. त्यांच्या मते प्रसरणामुळे एन्ट्रॉपीची कमाल मर्यादा भराभर वर जाते, आणि प्रत्यक्ष एन्ट्रॉपी तिला गाठू न शकल्याने मागे पडते. वर जाणारी मर्यादा आणि मागे पडलेली एन्ट्रॉपी यांच्यामधल्या अंतरात जगातले सगळे घडणे शक्य होते. गोल्ड यांच्या खिडकीचा खरा अर्थही इथे लागतो. ३,००० अंशांचे ते आदिम तेज प्रसरणाने मंदावले नसते, तर सबंध आकाश लालसर ताऱ्याच्या पृष्ठभागासारखे तळपत राहिले असते आणि पृथ्वीला उष्णता टाकायला जागाच उरली नसती. आज सूर्याकडून येणाऱ्या प्रत्येक फोटॉनमागे पृथ्वी सुमारे वीस अवरक्त फोटॉन अवकाशात सोडते. ऊर्जा जेवढी येते जवळपास तेवढीच जाते, फक्त ती अनेक लहान तुकड्यांत जाते. येणे थोड्या, मोठ्या कणांत आणि जाणे पुष्कळ, लहान कणांत, या फरकावर इथले प्रत्येक पान आणि प्रत्येक प्राणी जगतो.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे, आणि ते गुरुत्वाकर्षणात आहे. खोलीतल्या धुराला स्वतःचे गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, म्हणून त्याच्यासाठी सारखे पसरणे हीच शेवटची स्थिती. विश्वाच्या मापावर हे उलटते. तिथे एकसारखा पसरलेला वायू ही अत्यंत अवघडलेली स्थिती असते. त्याला संधी मिळताच तो गोळा होऊ लागतो, आकसताना तापतो, प्रकाश बाहेर टाकतो, आणखी आकसतो. ढगाचा तारा होतो, ताऱ्यांच्या दीर्घिका होतात आणि या वाटेच्या शेवटी कृष्णविवर असते. कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते, आणि ती त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, हे याकोब बेकेनस्टाइन यांनी १९७२ मध्ये सुचवले. स्टीव्हन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये कृष्णविवराचे तापमान काढून ते पक्के केले. सूर्याची आजची एन्ट्रॉपी बोल्ट्झमनच्या एककात साधारण एकावर ५८ शून्ये इतकी. तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची मात्र एकावर ७७ शून्ये इतकी. आकाशगंगेच्या मध्यभागी सूर्याच्या ४३ लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्या एकट्याची एन्ट्रॉपी, आजच्या अंदाजानुसार, सबंध दृश्य विश्वातल्या त्या आदिम प्रारणाच्या एन्ट्रॉपीपेक्षाही जास्त भरते!

म्हणजे सारखेपणा हीच विश्वाच्या आरंभाची खास गोष्ट होती. वायू उष्णतेच्या दृष्टीने समतोलात होता, पण गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने समतोलापासून कल्पनेपलीकडे दूर होता. हा मुद्दा पेनरोज यांनी १९७० च्या दशकापासून लावून धरला. दृश्य विश्वातले सगळे द्रव्य एका कृष्णविवरात कोंबले तर एन्ट्रॉपी किती होईल, हे त्यांनी काढले : एकावर १२३ शून्ये. त्यावरून आपल्यासारखा गुळगुळीत आरंभ निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता निघते ती एका भल्यामोठ्या संख्येत एक. त्या संख्येतल्या शून्यांची संख्याच एकावर १२३ शून्ये इतकी आहे. विश्वातल्या प्रत्येक प्रोटॉनवर एकेक शून्य लिहीत गेलो तरी ती संख्या लिहून होणार नाही, असे त्यांनीच म्हटले आहे. उदबत्तीच्या धुराची दिशा आली आहे ती या आरंभातून.

गोल्ड यांचा दावा नेमका कुठे मोडतो, हे आता सांगता येते. प्रसरणच दिशा देत असेल, तर विश्व कधी आकुंचन पावू लागले की काळाचा बाणही उलटायला हवा : काचा सांधल्या जाव्यात, धूर काडीकडे परतावा. गोल्ड यांचा तर्क तिथेच नेतो. १९८५ मध्ये हॉकिंग यांनीही अशाच निष्कर्षाचा शोधनिबंध लिहिला. डॉन पेज यांनी त्यातली चूक दाखवली, हॉकिंग यांचे विद्यार्थी रेमंड लाफ्लाम यांचे गणितही त्याच बाजूला गेले, आणि हॉकिंग यांनी आपली चूक १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात उघडपणे मान्य केली. आकुंचन पावणाऱ्या विश्वात कृष्णविवरे एकमेकांत विलीन होत अधिकच मोठी होतील, आणि शेवट आरंभासारखा गुळगुळीत न होता विलक्षण खडबडीत होईल. एन्ट्रॉपी वाढतच राहील. प्रसरणाने इंधन वाचवले, आकाश थंड केले, घडायला अवकाश दिला. बाण त्याने सोडला नाही.

मग आरंभ इतका गुळगुळीत का होता? १९८१ मध्ये ॲलन गुथ यांनी मांडलेल्या महाविस्ताराच्या सिद्धांतात याचे उत्तर आहे असे अनेकदा सांगितले जाते. अगदी सुरुवातीच्या क्षणार्धात विश्व अचाट वेगाने फुगले आणि सुरकुत्या सरळ झाल्या. आकाशातल्या बारीक तापमानफरकांचे स्वरूप हा सिद्धांत उत्तम सांगतो. पण पेनरोज यांचा आक्षेप मला पटतो : फुगण्याची क्रिया सुरू व्हायलाच आधी एक बऱ्यापैकी गुळगुळीत, कमी एन्ट्रॉपीचा तुकडा लागतो. दुर्मीळ आरंभाचा उलगडा त्याहूनही दुर्मीळ आरंभ गृहीत धरून होत नाही. पेनरोज यांनी १९७९ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. आरंभाच्या क्षणी गुरुत्वाकर्षणातला खडबडीतपणा जवळजवळ शून्य असला पाहिजे, असा निसर्गाचा स्वतंत्र नियमच असावा, असा तो मार्ग. तसे असेल तर मूलभूत नियम काळाच्या बाबतीत सममित आहेत, हे वाक्यही शेवटी दुरुस्त करावे लागेल. गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत हाती येईपर्यंत याचा निकाल लागणार नाही.

पुढचे मात्र बरेच स्पष्ट आहे. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून दाखवले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. तो तसाच वाढत राहिला तर नवे तारे जन्मणे साधारण एक कोटी कोटी वर्षांच्या मापावर थांबेल, आणि त्यानंतर कृष्णविवरेही, सूर्याएवढी असतील तर एकावर ६७ शून्ये इतक्या वर्षांत, हॉकिंग यांनी सांगितलेल्या मंद प्रारणातून विरून जातील. ती वेळ अजून फार लांब आहे. आज दृश्य विश्वाची एन्ट्रॉपी एकावर सुमारे १०४ शून्ये इतकी मानली जाते, आणि तिच्यातला जवळजवळ सगळा वाटा दीर्घिकांच्या मध्यातल्या प्रचंड कृष्णविवरांचा आहे. वेगाने प्रसरण पावणाऱ्या विश्वाला शेवटी गाठता येईल ती कमाल मर्यादा एकावर १२२ शून्यांच्या घरात आहे. म्हणजे १३८० कोटी वर्षे लोटल्यानंतरही विश्वाने त्या मर्यादेचा, एकावर अठरा शून्ये इतक्या भागांतला, फक्त एक भाग पार केला आहे.